डाव्या पायाची बाजू

बुधवारच्या बाजारात, गोदेच्या काठी,
गंजक्या कुलपांच्या ढिगाखाली सापडली ही तबकडी.
कव्हरला बुरशी. ऑर्गनवाल्याचं नाव अर्धं गेलेलं,
सॅक्सवाल्याचं तर नाहीच.

शांतवनमामा म्हणाले, बास कोण वाजवतंय?
सुई उचलली, ठेवली, परत उचलली.
मग स्वतःच्या चपलेकडे बघत राहिले :
अरे, हा तर डावा पाय!

चाळीस वर्षं शरणपूरच्या चर्चात
त्यांनी पायांनी नुसती हवा भरली होती.

सॅक्स येतो तो घसा खाकरत.
भद्रकालीतल्या बँडचा कादर
वरात पांगल्यावर एकटाच वाजवतो ना, तसा.
आणि ऑर्गन त्याला म्हणतो, बस, चहा टाकलाय.

दुसऱ्या बाजूला एक ओरखडा आहे.
सॅक्स परतायचा, नेमकी तिथं सुई अडखळते,
एक ठोका गिळते.
मामा रोज सोबत वाजवतात,
ओरखड्यासकट.

परवा उपासनेत, गीताच्या तिसऱ्या कडव्यात
त्यांचे हात तसेच थांबले.
एक ठोका.
उजगरेबाईंनी डोळे उघडले.
अख्ख्या मंडळीनं श्वास घेतला,
जणू तो तिथं घ्यायचाच असतो.

खाली डावा पाय
चालूच होता.