उरलेला बाक

पाषाणच्या लॅबमध्ये, रात्री पावणेदोनला,
सोळाशे लोहकण रबरात पेरून
मी चुंबक चालू करते. पडद्यावर.

कण एकमेकांना हुडकत सरकतात, रांगा धरतात,
पट्टी मान वळवू लागते
आणि बेचाळिसाव्या पायरीला गणित कोसळतं:
एक त्रिकोण स्वतःच्याच पोटात उलटा.

देवस्थळीसर म्हणाले होते, जाळी बारीक कर.
केली. आता सदतिसाव्यालाच.

टेबलावर खरी पट्टी पडलीये,
मंगळवारी मी आणि तांबोळीने ओतलेली,
कडेला बुडबुडा राहिलेली.
चुंबक जवळ नेला की वाकते,
काहीही न सोडवता.

दूर नेला की सरळ. म्हणजे, जवळजवळ.

तो उरलेला बाक
माझ्या एकाही समीकरणात नाही.
फुटपट्टी लावते: दीड मिलिमीटर.
सूस रोडवरून दुधाचा टेम्पो जातो,
पट्टी जराशी थरथरते.