पुठ्ठ्यावरच्या तारखा

पॅनचं गॅस्केट बदललं, दोनदा.
मागचं सील. डिपस्टिकच्या नळीची रिंग.
तरी सोमवारी पुठ्ठ्यावर तांबडा डाग,
बशीएवढा.
गुन्वोर त्याभोवती पेन्सिलीनं रेघ ओढते, तारीख घालते.
चौसष्टच्या प्लिमथखाली सप्टेंबरपासूनची वहीच झाली आहे.

मी विजेरी धरून. ती पाठीवर,
पायाला लावायची पावडर गिअरबॉक्सला फासत:
"ओली वाट दिसेल आता."
दिसली. गिअरच्या दांड्याशी, पॅनच्या बरीच वर.
इतक्या वर तेल चढतं कसं?

वेस्तेरोसच्या थंडीत हीटर खोकत होता.
खालून बराच वेळ काही आवाज नाही.
मग, "चालती असताना थेंब नाही, बघ.
उभी राहिली की कन्व्हर्टरमधलं सगळं
हळूहळू खाली उतरतं.
पॅन तुडुंब. मग मिळेल तिथून."

सील बदललंच तिनं. स्वस्तातलं.
हात पुसले, पुसतच राहिली.

मीठ टाकलेल्या रस्त्यावर गाडी काढायची नाही,
हा स्टेनचा नियम.
तिनं दार वर सरकवलं.
"पुलापर्यंतच," म्हणाली.

पूल येऊन गेला.
मी बोललो नाही;
मांडीवर घडी केलेला पुठ्ठा,
तेलाचा वास,
आणि तिच्या अक्षरातला अख्खा हिवाळा.