थंड पाण्याने

आधी पाणी थंड हवं.
कोमट चालतं म्हणतात, मला चालत नाही.
गरम पाण्याने आतलं एबोनाइट वाकतं,
मग पेन जन्मभर गळतं.
हे चौतीस वर्षं मुलांना सांगितलं,
स्वतःचं पेन मात्र एकदाही असं धुतलं नाही.
कशाला धुवायचं?
लालवर लालच तर भरायची होती.

आमच्याकडे लाल शाई शिक्षकाची.
दुसरा तपासनीस हिरवी वापरतो.
मुलांनी निळ्यात चुकायचं,
आम्ही लालमध्ये बरोबर असायचं.

बेसिनवर उभी आहे. निब खाली, पिस्टन वर.
पहिलं पाणी निव्वळ बीट.
दुसरं चेरीचा पाक.
तिसऱ्यात दहावी ‘ब’चे निबंध,
‘वाक्य अपूर्ण’, ‘मुद्दा काय?’, ‘पुन्हा लिही’,
सगळे एकामागून एक नळीत उतरतात,
तिथून पुढे बोडे नदीत, असं मी धरून चालते,
आणि क्वेडलिनबर्गच्या बदकांना त्याचं काही नाही.

निवृत्तीला सात वर्षं झाली.
तरी किराण्याची यादी लाल,
मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला चिठ्ठी लाल,
खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ त्सीगलरना वाढदिवसाचं कार्ड लाल.
त्या जिना चढून वर आल्या,
म्हणाल्या, माझं काही चुकलं का?

सोमवारी हाइडेचं पत्र आलं. रोस्टॉकहून.
अठरा वर्षांनी.
मधलं सगळं सांगत नाही,
एवढंच, की तिचं शेवटचं पत्र
मी तपासून परत पाठवलं होतं.
गंमत म्हणून. असं मी म्हणायचे.
नऊ चुका, समासात रेघा,
खाली शेरा: अक्षर बरं, घाई टाळ.
त्या पत्रात तिने लिहिलं होतं
की डीटमार घर सोडून गेला.

चौथं पाणी. पाचवं.
पिस्टन फिरवला की आत
कुणी गुळणी करावी तसा आवाज होतो.
रंग फिका होतो, संपत नाही.
झालं आता, म्हणून निब टिपकागदावर टेकवावी,
तर कुठल्या फटीतून कोण जाणे
गुलाबी उमटतंच.
रात्रभर पेलाभर पाण्यात बुडवून ठेवलं.
पहाटे पाहिलं, निबेच्या टोकापासून तळापर्यंत
एक लाल धागा, सरळ, न हलणारा.
पेला उचलला आणि तो विस्कटला.

दुकानातला पोरगा म्हणाला, शाळेची निळी घ्या, पुसता येते.
पुसता येणारी नको, मी म्हटलं,
बहुधा जरा मोठ्याने.
त्याने निमूटपणे राखी निळ्याची बाटली पुढे सरकवली.
झाकणाला खरवडलेली किंमत. परत आलेला माल असावा.
घेतली.

हाइडेच्या पत्रात या वेळी अकरा चुका आहेत.
मोजल्या नाहीत. मोजल्या गेल्या.
‘दास’मध्ये एस एक की दोन,
हे तिला एकाहत्तराव्या वर्षीही येत नाही.
आई रागवायची तेव्हा ती दोन्ही लिहून ठेवायची,
एक खोडायचं काम माझं.
आताही एक एस कमी आहे,
आणि त्याच वाक्यात: हात थरथरतो,
तू लवकर लिही.

टिपकागदावर निब टेकवली. कोरडी.
आणखी एकदा टेकवली. कोरडी, म्हणजे जवळजवळ.
शाई ओढली, निब पुसली, बोटं पुसली
(अंगठ्याच्या नखाखालचं लाल तसंच राहिलं),
आणि लिहिलं, प्रिय हाइडे.

‘प्रिय’ जांभळं आलं.
‘हाइडे’सुद्धा, जरा कमी.
दुसरा कागद घ्यावा का, म्हणून बराच वेळ बसून राहिले.
घेतला नाही.
तसंच पुढे लिहीत गेले,
पाचव्या-सहाव्या ओळीला कधीतरी
निळं झालं असावं.
माझं लक्ष नव्हतं.