शंभर नव्या पुंगळ्या

देवळालीहून होशंग अंकलनी डबा पाठवला.
वर चिठ्ठी, त्यांच्या पारशी मराठीत:
"दीकरी, शंभर नवे केस हाय. रविवारपर्यंत निवडून ठेव.
डब्यावरचा सोनेरी वाघ बघून भुलू नको."

भांडी बाजारात दुपारी गिऱ्हाईक नसतं.
सराफ बाजारातून उसना आणलेला काटा
समयांच्या फळीवर ठेवला, पंखा बंद केला,
वाऱ्यानंही अर्धा ग्रेन इकडचा तिकडे होतो,
आणि एकेक पुंगळी उभी करत गेले.

एकशे सत्तर. एकशे सत्तर. एकशे अडुसष्ट.
एकशे शहात्तर.
ही कुठे जेवून आली?

एका शिक्क्याच्या, एका डब्यात
खांद्याला खांदा लावून आलेल्या,
बाहेरून माप तंतोतंत,
आणि पोटात प्रत्येकीच्या जागा वेगळी.
तीच चिमूटभर दारू एकीत ऐसपैस बसणार,
दुसरीत गुडघे दुमडून,
आणि तीनशे मीटरवरच्या कागदाला
ते बोटभर अंतरानं कळणार.

काहींच्या बुडाच्या भोकात कीस अडकलेला,
सुई घातली की कुरकुरतो. घाईचं काम.
एकीची मान एका बाजूनं भाकरी, दुसऱ्या बाजूनं पापड.
मी तीन ढीग केले. सत्तरवाल्यांचा सगळ्यात मोठा.
मला बरं वाटलं.

अप्पा झोपून उठले.
पन्नास वर्षं मठारकाम, दोन्ही कान त्यात गेलेले.
काट्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
सत्तरच्या ढिगातली एक उचलली,
काठ दातांत धरला, नखानं टिचकी मारली,
आणि डोळे मिटून दातांनी ऐकलं.
"कडक आहे गं. मान शेकलेली नाही."

मागच्या खेपेच्या सात पुंगळ्या खोक्यात होत्या,
साध्या करड्या पुठ्ठ्यातून आलेल्या,
मानेपाशी निळसर डाग.
मी त्या चिंच लावून घासायला काढल्या होत्या.
"घासू नको. डाग नव्हे, शेक आहे तो.
आचेला जाऊन आल्याची खूण."
"मग या चकचकीत?"
"पुसला असेल. नाहीतर दिलाच नसेल.
चकाकीखाली दोन्ही सारखंच दिसतं."

मग आजोबांची गोष्ट, नेहमीप्रमाणे मधूनच सुरू केलेली:
छावणीत पागेला लागून कोठार,
घोड्यांच्या मुताची वाफ, चार महिन्यांची ओल,
आणि कुणी हात न लावलेली काडतुसं
पेटीतल्या पेटीत तडकलेली.
"ठोकलेलं पितळ ताण धरून बसतं.
शेक नाही दिला तर कधीतरी बोलतंच."

मी ढीग बदलले नाहीत.
आकडा आकडा असतो.

सोमवारी डबा परत आला, काजळलेला.
चार मानांना उभी चीर. चारही एकशे सत्तरच्या.
मराठीत याला दोनच शब्द आहेत:
पितळ उघडं.
माझं की वाघाचं, ते मी विचारलं नाही.

ती एकशे शहात्तरची जाडी
अंकलनी पहिल्याच बाराला उडवली होती,
नळी गरम करायला, नेमात धरायची नाही म्हणून.
ती मात्र धड आली.
आता गल्ल्यावर उभी असते, पोटात वाळू भरून.
अप्पा सकाळी तिच्यात उदबत्ती खोचतात
आणि जाता जाता उगीचच
तिला एक टिचकी मारतात.