कोरी बॅट

धोबीतलावच्या मागच्या गल्लीत,
घड्याळवाला आणि बँडवाले यांच्या मधे
साडेसहा फुटांचं दुकान, ते माझं.
पाटी नाही. आझाद मैदानावर कुठल्याही तंबूत
बॅट मोडली म्हणून सांगा,
बोट इकडेच वळेल.

हेमू तळपदेची शतकं किती, मला विचारू नका.
आकडे पेपरवाल्यांकडे.
माझ्याकडे आल्या त्या बॅटी.

पहिली घेऊन आला तेव्हा शाळेचा टाय खिशात कोंबलेला,
बॅट थोरल्या चुलतभावाची, याच्या कमरेच्या वर जाणारी.
"खालून दोन बोटं कापून द्या, मेस्त्री."
मी उताणी करून पाहिली.
पोरांच्या बॅटी गोवर आल्यासारख्या असतात,
लाल ठिपके खांद्यापासून टाचेपर्यंत.
हिच्यावर एकच डाग,
पोटावर, जुन्या रुपयाएवढा,
रोज एकाच जागी ठेवलेल्या समईचा
पाटावर उमटतो तसा.
कापायचे पैसे मी घेतले नाहीत.
चुकलंच. पुढे जन्मभर घासाघीस केली त्याने.

मग तो मोठा झाला.
लोक रेडिओला कान लावायचे,
मी लाकडाला बोट.

ऑस्ट्रेलियाहून आली तिच्या खुणा वर, खांद्यापाशी:
चेंडू छातीवर येत होता
आणि हा मागे सरत नव्हता.
इंग्लंडची: बाहेरच्या कडेला नुसते ओरखडे,
महिनाभराचे असतील,
आणि त्यांच्यावर ताजे, गडद, सगळे पुन्हा पोटात.
बार्बाडोसहून आली तिचा दांडा चिरलेला,
रबराखाली दोऱ्यात सुकलेलं रक्त.
"किती केल्यास?"
"एकशे सत्त्याऐंशी. बोट नंतर मोडलं."
मग चपलेकडे बघत,
"म्हणजे, नव्वदीत मोडलं."

हे त्याला कुणी शिकवलं नाही, मैदानाने शिकवलं.
जिथे एका वेळी वीस सामने,
परक्या संघाचा थर्डमॅन
तुमच्या मिडऑफच्या पाठीला पाठ लावून उभा,
आणि बाद झालात की पुढचा डाव पुढच्या रविवारी.
आठवडाभर काय खाणार मग,
घरी तोंड कसं दाखवणार?

अडतिसाव्या वर्षी डाग सरकू लागला.
आधी करंगळीभर.
पेपरात अजून त्याच्या कव्हर ड्राइव्हचे गोडवे,
त्या मोसमात शतकंही दोन.
बॅट म्हणत होती,
केली नाहीत, निसटली.
मी बोललो नाही.
सुताराने लाकडाशी बोलावं.

एका रात्री, बँडवाले वरातीहून परतून
ट्रंपेट पुसत बसले होते,
तो आला. एकटाच. टॅक्सी कोपऱ्यावर उभी.
"कडा घासून द्या. साफ.
ड्रेसिंगरूममध्ये नवी पोरं बघतात."
मी पॉलिश पेपर घेतला,
शंभर नंबर, मग दोनशेवीस.
लालसर भुसा मांडीवर पडत राहिला.
इंजेक्शन घेणारा माणूस भिंतीकडे बघतो
तसा तो गल्लीकडे बघत होता.
वर जवसाच्या तेलाचा हात दिला.
बॅट कोरी झाली.
कुण्या शाळकरी पोराने नवीन आणावी तशी.

सांगितले तेवढे पैसे दिले त्याने.
घासाघीस नाही.
तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

वानखेडेवर शेवटचा डाव, चौदा.
लोक उभे होते म्हणतात,
तो पायऱ्या चढून दिसेनासा झाल्यावरही.

महिन्याने क्लबवाल्यांनी बॅट पाठवली.
काचेच्या पेटीत ठेवायचीय, चमकवून द्या.
मी फडकं बाजूला ठेवलं
आणि चष्मा लावला.
नऊ खुणा. आठ पोटावर,
रुपयाएवढ्या जागेत, एकीवर एक.
नववी जरा खाली; असेल यॉर्कर, दाबलेला.
मग ज्यावर गेला तो चेंडू शोधला.
दोन्ही कडा. टाच. पाठ सुद्धा.

बोल्ड झालेल्याच्या बॅटवर
काही उमटत नाही.

तशीच परत केली.
पोराने विचारलं, काय काम केलंत?
म्हटलं, लिही: तपासणी.
पैसे नाहीत.