पिको-फॉल आणि साडेनऊची मालिका

मी मालिका बघत नाही, ऐकते.
डोळे काठावर, हातात सुई,
आणि टीव्ही माझ्या पाठीमागे, फ्रिजवर.
तेव्हा माझी मतं कानाची आहेत.
पटली तर घ्या.

साडेनऊची ती हसरी मालिका,
सासरा गच्चीत चोरून जिम काढतो ती,
आपल्याला नाही आवडत.
विनोद यायच्या आधीच ढोलकी वाजते.
लोकमान्यनगरात पाण्याचा टँकर वळणावर असतो
तोवर बादल्या खाली उतरतात ना,
तसं.
मग हसायचं काय राहिलं?

दहाची बरी.
तिच्यात एक दूधवाला आहे, बोलत नाही,
नुसता "हं" म्हणतो.
त्याच्या "हं"पायी माझे दोनदा टाके चुकले.
लेखकाला एवढंच सांगणं,
त्याचं लग्न लावून बिघडवू नका.

सिनेमाला ऋत्विज घेऊन गेला, भाचा माझा.
"मावशी, किती दिवस घरात बसून राहशील?"
पडद्यावर माणसं मरून राहिली होती,
कोण कुणाला मारतंय ते कळेना,
खुर्ची मात्र थरथरत होती, पैसे वसूल.
मग नायिका डोंगरावर उभी राहिली,
वारा सुटला,
अबोली शिफॉन उलटी झाली,
आणि मी मोठ्याने म्हणाले,
"अरे, फॉल नाही लावलेला!"
हेलिकॉप्टर परवडतं ह्यांना,
शीतलामाता बाजारातला तीस रुपयांचा फॉल नाही.
सगळ्या देशाने कच्चा काठ पाहिला.
बाकी सिनेमाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

गाण्यांचं माझं माप वेगळं.
पूर्वी पाच गाण्यांत एक फॉल व्हायचा.
आता बारा लागतात.
गाणं सुरू होतं, गळा साफ करतं,
आणि संपतं.
मजुरी तीच आहे हो, ऐंशी रुपये.

आता एक सांगते, हसू नका.
फ्रिजवर जी माणसं हसतात,
खोलीभर, एकदम, कोण ते दिसत नाही,
त्यांत एक बाई आहे.
सगळे हसून थांबले
की ती हसते. एकटी. शेवटी एक बारीक उचकी.
साडेनऊला असते. दहाला असते.
रविवारी जोक सांगायची स्पर्धा लागते, तिथंही.

ऋत्विज म्हणाला, मावशी, ते हसणं तयार मिळतं,
कुणीतरी कधीतरी हसून ठेवलेलं,
तेच सगळीकडे लावतात.

हेमलता कानडे वरच्या मजल्यावर राहायची.
मिरजेहून लग्न होऊन आली तेव्हा
हिंदी तिला ऐकू यायची, कळायची नाही.
आम्ही दोघी मॅटिनीला जायचो,
टॉकीज हसायची, शांत व्हायची,
पडद्यावर नायकाचे वडील वारायचे,
आणि त्या शांततेत हेमलता
फुटायची.
पुढच्या रांगा वळून बघायच्या.
मी चिमटा काढायची.
"अगं, आत मराठी करावं लागतं आधी," म्हणायची,
"मला पोचायला वेळ लागतो. पण पोचते मी."

चाळीस वर्षांत हिंदी झकास आली तिला,
भाजीवाल्याशी भांडायची अस्सल इंदुरी,
"भिया, ज्यादा मत बनो."
हसणं मात्र उशिराचंच राहिलं.
शेवटी दवाखान्यात डॉक्टर काहीतरी गमतीचं बोलून गेला,
जिन्यापर्यंत पोचला असेल बिचारा,
तेव्हा ही.

आता वरच्या खोलीत कोचिंगची मुलं राहतात.
कानात बोळे घालून हसतात, खाली काही येत नाही.

साडेनऊची मालिका आवडत नाही म्हणाले ना मी?
तरी लावते.
ढोलकी वाजते, सगळे हसतात,
मी सुई वर धरून ठेवते,
दोरा हवेत.
थांबतात सगळे.

हं.

तुमची राणी रंगाची मंगळवारी न्या.
पिको झालाय, फॉल अर्धा राहिलाय.