क्रियापद तपासा

बारावा भाग, शेवटून तिसरं मिनिट.
बंद पडलेल्या टपाल कचेरीच्या पायरीवर
मांजराचं भूत बसलंय.
शेपट्या दोन, सावली एकही नाही.
कुणीतरी रोज बशी ठेवतं, ते रोज पितं,
बशीतलं दूध थेंबभर कमी होत नाही,
फक्त सकाळी त्याची गोडी गेलेली असते.

चित्राखालच्या दोन ओळी मी लिहितो.
ओळीला पस्तीस अक्षरं, पडद्यावर दोन सेकंद,
भागाला नऊशे रुपये, तेही महिन्यानं.
शुक्रवार पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वर;
गिरणी थांबली की जपानी ऐकू येतं.

भूत म्हणतं ते एवढंच:
निघायची वेळ झाली.
त्यांच्या भाषेत तिथं तो नाही, ती नाही,
कोण निघालं तेही सांगावं लागत नाही.
मराठीत असं अंग चोरून जाता येत नाही.
इथं उंबरा ओलांडायचा तर
क्रियापदाला आधी कळवावं लागतं,
बोका की भाटी.

'जाते' लिहिलं. खोडलं.
'जातो' लिहिलं, तर मिशा फुटल्या.
ते मांजर, म्हणून 'जातं' करून बघितलं,
तर दळायचं जातं झालं
आणि खाली गिरणीचा पट्टा
हसल्यासारखा करकरला.

मग गंगावेशीत गेलो, दूध प्यायला.
रात्रीचे साडेनऊ. म्हशी रस्त्यातच उभ्या,
कासेखालून थेट ग्लासात, फेसासकट;
स्कूटरवरून न उतरता पिणारा एक पैलवान,
त्याच्या ओठावर पांढरी कड.
शालन आत्तीची जागा आता
मोबाईलची कव्हरं विकणाऱ्यानं धरलीय.

आत्ती धारेला बसली की पहिली चिळकांडी
तिरकी सोडायची, अंधारात,
कुठं पडली ते बघायचीही नाही.
अंधार तोंड उघडून बसलेला असायचा.
नेम कधी चुकला नाही.
कुणाचा, ते विचारू नका.

आयुष्यभर ती
मी आलो, मी जेवलो, मी दमलो, असंच बोलली.
पुण्याची वहिनी हसायची:
आत्याबाई, तुम्ही काय पुरुष आहात?
"म्हशीला इचार की.
तिला कळतंय मी कोण त्ये."

सीपीआरला नेताना रिक्षात बसली,
पदर चाकात जाईल म्हणून आत ओढून घेतला,
आणि म्हणाली, "येतो रं."
जाणाऱ्यानं जातो म्हणायचं नसतं,
एवढं तर लहानपणीच शिकवलं होतं तिनं.

परत फिरताना ग्लासात तळाला
दोन बोटं दूध ठेवलं.
का, ते ग्लास विसळणाऱ्या पोरानं विचारलं नाही.

घरी आलो. गिरणी बंद.
भुतानं शेपट्या उचलल्या,
एक आधी, एक जराशी मागून,
आणि त्याच्या तोंडाखाली मी टाकलं:
येतो रं.
अर्ध्या सेकंदात वाचून होतं.
उरलेला दीड सेकंद
नुसती पायरी दिसत राहते.

चार दिवसांनी मुंबईहून शेरा आला, लाल अक्षरात:
पात्र स्त्री आहे, आवाज ऐका. क्रियापद तपासा.

तपासलं.
खाली लिहिलं: बरोबर आहे.
कोल्हापूरची आहे.